पाच वॅट, सहा ऋतू

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी आहे. आकाराने ती जेवणाच्या डब्याएवढी असेल. तिच्यातून बाहेर पडणारी शक्ती पाच वॅट, म्हणजे रात्री देवघरात तेवत ठेवलेल्या लहानशा विजेच्या दिव्याला लागते तेवढी. तिच्या पाठीमागून एक तार निघून खिडकीवाटे गच्चीवर जाते. तेथे दोन बांबूंच्या दरम्यान वीस मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली आहे. शेजाऱ्यांचा प्रथम असा समज झाला की, सरकारी नोकरीतल्या ह्या गृहस्थाने कपडे वाळत घालण्याची जरा ऐसपैस सोय करून घेतली आहे. वस्तुतः त्या तारेच्या आधाराने मी गेली काही वर्षे परदेशांतील अनोळखी माणसांशी बोलत आलो आहे. ‘बोलत’ हा शब्द केवळ सोयीचा. माझे सारे संभाषण तारमास्तरांच्या जुन्या कड-कट्ट भाषेतच चालते.

ह्या छंदाला हौशी रेडिओ म्हणतात. सरकारने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला की कोणाही नागरिकाला नेमून दिलेल्या लहरींवर आपले केंद्र चालवता येते. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा अर्थातच गुन्हा. ह्या छंदवाल्यांतही एक लहानसा पंथ आहे. ‘कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त दूर’ हे त्या पंथाचे व्रत. बिनतारी संदेशवाहकांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यू-आर-पी’ ही तीन अक्षरे आहेत. त्यांचा मूळ अर्थ ‘आपली शक्ती कमी करा’ असा. एका केंद्राने दुसऱ्याला करावयाची ही सूचना पुढे काही जणांनी स्वतःलाच करून घेतली. मोर्सने बोलताना पाच वॅटांच्या वर जावयाचे नाही, असा त्यांचा संकेत आहे. १९७४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉब्स नावाच्या धर्मोपदेशकाने अशा लोकांचा एक क्लब काढला आणि हा संकेत अनेक देशांत रूढ होण्यास त्याची मोठी मदत झाली.

पाच वॅटांत काय होणार, असे कोणालाही वाटेल. येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. हौशी केंद्रांची नेहमीची शक्ती शंभर वॅट असते. पाच वॅट म्हणजे तिचा विसावा हिस्सा. परंतु ऐकणाऱ्याच्या यंत्रावर संदेशाचा जोर दाखवणारा जो काटा असतो, त्याचे एकेक घर खाली यावयास शक्ती चौपटीने घटावी लागते. त्यामुळे विसावा हिस्सा शक्ती वापरली तरी काटा दोनच घरे उतरतो. आकाश अनुकूल असेल तर ह्या दोन घरांनी काही बिघडत नाही. प्रतिकूल असेल तर मात्र शंभर वॅटही पुष्कळदा फुकट जातात. म्हणजे सगळा प्रश्न आकाशाच्या अनुकूलतेचा आहे, आणि आकाशाची अनुकूलता ऋतूंवर अवलंबून असते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पटली ती मात्र एका फजितीनंतर.

माझी बदली तेव्हा इंदुरास झाली होती. परवाना नुकताच हाती आला होता आणि दिवस हिवाळ्याचे होते. पहिल्याच आठवड्यात मध्यरात्रीनंतर युरोपातली केंद्रे माझ्या डब्याला उत्तरे देऊ लागली. मला वाटले, आपण मोठे कुशल यंत्रज्ञ झालो. फाल्गुन संपला, चैत्र लागला आणि उत्तरे एकाएकी थांबली. कानावर श्रवणिका चढवावी तो कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज! मी यंत्र उघडले. एक भाग बदलला, दुसरा बदलला, आणि तिसरा बदलताना हातचा भाजून ठेवला. शेवटी ते सारे लटांबर पिशवीत घालून शहरातल्या एका वृद्ध निवृत्त तारमास्तरांकडे गेलो. आपली तारसेवा २०१३ साली बंद झाली. ह्या गृहस्थांचा हात मात्र त्यानंतरही चालू राहिला होता. त्यांनी पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, हे उघडलंत कशाला? यंत्र बिचारं ठीक होतं. बिघडलाय तो महिना.”

मी खजील झालो. पण इतिहास हा माझा एम.ए.चा विषय असल्यामुळे ह्या महिन्यांचा मागोवा घ्यावा असे मनात आले. शोध घेताना जे हाती लागले त्याने माझी समजूतच बदलली. लघुलहरींचा इतिहास आपण यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतो. त्यातल्या तारखा नीट मांडून पाहिल्या तर तो पुष्कळसा ऋतूंचाही इतिहास आहे.

इंग्लंडातील पोल्धू येथून निघालेला संकेत १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे मार्कोनीने जाहीर केले. त्यानंतर वीस वर्षे सर्वांची श्रद्धा एकच होती. दूर जावयाचे तर लहर लांब हवी, एरियल अवाढव्य हवे आणि शक्ती राक्षसी हवी. आखूड लहरी जवळच विरून जातात, असा तज्ज्ञांचा दृढ समज होता. म्हणून १९१२ साली अमेरिकेत बिनतारीविषयी कायदा झाला तेव्हा चांगल्या लहरी सरकार, आरमार आणि कंपन्या ह्यांना मिळाल्या, व हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर पिटाळण्यात आले. आमच्या महसुली भाषेत बोलायचे तर त्यांच्या वाट्याला पोटखराबा आला. पिकणार नाही अशी खात्री असल्यामुळेच ती जमीन त्यांना दिली गेली.

हौशी लोकांनी मात्र ती कसून पाहिली. अटलांटिक ओलांडण्याचा त्यांचा १९२१ च्या फेब्रुवारीतील प्रयत्न फसला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी चाचणी ठरली. हिवाळा निवडण्याचे कारण त्यांना अनुभवाने ठाऊक होते. उन्हाळ्यात मेघगर्जनेच्या वादळांची खरखर संदेश गिळून टाकते. हिवाळ्यात रात्री दीर्घ असतात आणि आकाश शांत असते. पॉल गॉडली हा अमेरिकन गृहस्थ आपले ग्राहक यंत्र घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे आला. समुद्राकाठच्या शेतात त्याने तंबू ठोकला, सुमारे १३०० फूट लांबीची तार खांबांवरून नेली आणि वारापावसात, थंडीने काकडत तो रात्रीमागून रात्री कान देऊन बसला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हौशी मंडळींनी उभारलेल्या केंद्राचा संपूर्ण संदेश तेथे त्याने ऐकला. त्या केंद्राची लहर सुमारे २३० मीटरांची होती.

पुढचे पाऊल १९२३ च्या नोव्हेंबरात पडले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरी राहणारा लेऑं देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल ह्या दोघांनी लहर आणखी आखूड करून सुमारे १०० मीटरांवर आणली, आणि अटलांटिकच्या दोन तीरांवरील हौशी माणसांत प्रथमच दोन्ही बाजूंनी संभाषण झाले. ज्या लहरी जवळच विरायच्या, त्या लांब लहरींपेक्षा सहज पलीकडे पोचल्या! पडीक जमिनीत सोने निघाले. मग ज्यांनी ती टाकून दिली होती तेच मोजणीची साखळी घेऊन धावत आले, हे सांगावयास नकोच.

असे का घडले, ह्याचे उत्तरही हिवाळ्याच्याच एका रात्री मिळाले. वातावरणाच्या वरच्या भागात विजेचे वहन करणारा एक थर असावा, असा तर्क हेविसाइड आणि केनेली ह्यांनी १९०२ सालीच केला होता. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट ह्यांनी बोर्नमथ येथील ध्वनिक्षेपण केंद्राच्या लहरी ऑक्सफर्ड येथे तपासून तो थर खरोखरच आहे, असे दाखवून दिले. ॲपलटनला पुढे १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला असे अनेक थर ठाऊक आहेत. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी ते निर्माण होतात. सर्वांत खालचा थर दिवसा असतो. तो लहरींना शोषतो आणि सूर्यास्तानंतर विरतो. त्याच्या वर, साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर असणारा थर रात्रीही टिकतो. तो लघुलहरींना वाकवून पुन्हा पृथ्वीकडे पाठवतो. रात्र पडली म्हणजे खालचा चोर निघून जातो आणि वरचा सावकार शिल्लक राहतो, असे म्हणा ना. हिवाळ्याच्या लांब रात्री माझा पाच वॅटांचा डबा युरोपला कसा पोचला, ह्याचे रहस्य एवढेच. त्यात माझे कौशल्य फारसे नव्हते.

हेमंत आणि शिशिर ह्या दोन ऋतूंचा हा महिमा झाला. परंतु सर्वांत दूरचा पल्ला त्यांच्या नव्हे, तर शरदाच्या वाट्याला आला. १८ ऑक्टोबर १९२४ ची ही गोष्ट. लंडनच्या उत्तरेस मिल हिल नावाची शाळा आहे. तेथील सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या बिनतारी केंद्रावर बसला होता. त्याच वेळी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील शॅग व्हॅली येथे फ्रँक बेल आपल्या मेंढ्यांच्या कुरणावरील घरात यंत्रापुढे होता. दोघांमध्ये सुमारे १९,००० किलोमीटरांचे अंतर होते. पृथ्वीवर ह्याहून फार दूर जाताच येत नाही, कारण पुढे परतीची वाट सुरू होते. त्या दिवशी ते दोघे एकमेकांशी बोलले. लंडनला तेव्हा उजाडत होते आणि न्यूझीलंडला सांज होत होती. शरद ऋतूत दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. त्यामुळे उत्तर आणि दक्षिण ह्या दोन्ही गोलार्धांवर सूर्याची कृपा सारखी असते. एकीकडे कडक उन्हाळा आणि दुसरीकडे कडक हिवाळा, अशी विषमता नसते. दिवस आणि रात्र ह्यांच्या सीमारेषेवर शोषणारा थर नाहीसा झालेला असतो, आणि परतवणारा थर अजून बळकट असतो. संधिप्रकाशाच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका शाळकरी मुलाचा संकेत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

ह्या गॉयडरची पुढची हकीगत भारतीय श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९३६ साली तो आपल्या आकाशवाणीचा, म्हणजे त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओचा, मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला. त्याच्यापुढचा प्रश्न मोठा होता. एवढा विस्तीर्ण देश, पैसा थोडा, आणि मध्यम लहरींच्या केंद्राचा आवाज मर्यादित टापूतच नीट ऐकू येणार. अशी केंद्रे तरी किती उभारावीत? गॉयडरने लघुलहरींवर भर दिला. १९३७ च्या अखेरीपासून १९३८ पर्यंत दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लघुलहरींची केंद्रे सुरू झाली, आणि मोठ्या केंद्रांपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसाला प्रथमच आपल्या देशाचा आवाज ऐकावयास मिळू लागला. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे वसलेल्या मराठी कुटुंबांना मुंबईचा कार्यक्रम दूरवरून ऐकण्याचा मार्ग ह्या लहरींनीच मोकळा केला. शाळेतल्या छंदात जे आकाश त्याने ओळखले होते, तेच बारा वर्षांनी एका देशाच्या उपयोगी पडले.

महाराष्ट्राच्या भूमीशी ह्या इतिहासाचा संबंध त्याहूनही आधी आला होता. साम्राज्यातले देश लांब लहरींच्या प्रचंड केंद्रांनी जोडण्याची योजना इंग्लंडात वर्षानुवर्षे रेंगाळत होती. लघुलहरींचे सामर्थ्य ध्यानात येताच मार्कोनी कंपनीने झोताच्या पद्धतीची, तुलनेने स्वस्त अशी केंद्रे सुचवली. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान ह्यांच्यामध्ये अशी संदेशसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपक पुण्याजवळ खडकीस होते आणि ग्राहक केंद्र दौंडला होते. आगगाडीने दौंडवरून जाताना आपण चहा घेतो, बदलायची गाडी पाहतो. एके काळी लंडनचे संदेश येथील माळावर उतरत होते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या देशातले हौशी लोकही मागे नव्हते. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांनी हौशी केंद्र सुरू केले. मुकुल बोस त्यांना येऊन मिळाले, आणि देशातील पहिले हौशी संभाषण त्या दोघांत झाले. किंबहुना आपले ध्वनिक्षेपणच हौशी मंडळींच्या अंगणात रांगावयास लागले. १९२३ साली मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या रेडिओ क्लबांनी कार्यक्रम प्रक्षेपित केले. मद्रास प्रांताच्या रेडिओ क्लबने ३१ जुलै १९२४ पासून कार्यक्रम सुरू केले, ते अवघ्या चाळीस वॅटांच्या प्रक्षेपकावर! पुढे पैशाअभावी त्या क्लबला आपले यंत्र मद्रास नगरपालिकेच्या हवाली करावे लागले. परंतु थोड्या शक्तीत पुष्कळ जणांपर्यंत पोचता येते, हा धडा देऊन तो गेला.

आता उन्हाळ्याकडे वळू. वसंत हा शरदाचाच भाऊ, कारण तेव्हाही दिवस आणि रात्र समान असतात. परंतु आपल्याकडे वसंताचे सुख अल्प. चैत्र संपतो न संपतो तोच वळवाची चिन्हे दिसू लागतात, बंगालकडे काळवैशाखीची वादळे उठतात, आणि त्यांच्या विजांची खरखर शेकडो मैलांवरच्या ग्राहक यंत्रांत उतरते. जगात दर सेकंदाला सुमारे चाळीस ते पन्नास विजा चमकतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ज्या थरांवरून आपले संदेश जातात त्यांवरूनच ह्या विजांचा गोंगाटही येतो. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याशेजारी उभे राहून कानगोष्ट करावी, तशी उन्हाळ्यात पाच वॅटवाल्याची अवस्था होते. शिवाय दिवस मोठा असल्यामुळे शोषणारा थर अधिक काळ अधिक जोमाने काम करतो. इंदूरच्या तारमास्तरांनी ‘बिघडलाय तो महिना’ असे म्हटले, त्यामागे एवढे शास्त्र होते.

तथापि निसर्ग एक दार लावतो तेव्हा एखादी झरोक्याची फट ठेवतो. उन्हाळ्याच्या दिवसांत सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर कधी कधी दाट विद्युन्मय ढग अकस्मात तयार होतात. मग एरवी मुक्या असणाऱ्या दहा मीटरांच्या लहरीवर हजार-दीड हजार किलोमीटरांवरचे केंद्र अगदी शेजारच्या खोलीत बोलावे तसे ऐकू येते. घटका-दोन घटकांत ढग विरतो आणि पुन्हा सारे सामसूम. ह्या वरच्या थरांच्या अभ्यासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. कलकत्ता विद्यापीठात शिशिरकुमार मित्र आणि त्यांचे सहकारी १९३० च्या सुमारापासून त्यांची मोजमापे घेत होते. मित्रांनी ह्या विषयावर लिहिलेला ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर प्रमाण मानला गेला.

वर्षा ऋतू आला की शहाणा माणूस तार खाली उतरवतो, निदान यंत्रापासून सोडवून जमिनीशी जोडतो. आकाशातल्या विजेशी पैज मारण्यात पुरुषार्थ नाही. ह्या चार महिन्यांत सांधे गंजतात, दोर कुजतात, बांबू वाकतात. पण हेच दिवस बांधकामाचे. गेल्या हिवाळ्यातील उणिवा आठवून नवे वेटोळे गुंडाळावे, डाग देण्याची सळई तापवावी आणि जुन्या नोंदवह्या वाचाव्या. शेतकरी उन्हाळ्यात औतफाटा दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात ते काम पावसाळ्यात येते, इतकाच फरक. गणपती गेले, नवरात्र बसले आणि आकाश निवळले की तार पुन्हा वर चढते.

ह्या सहा ऋतूंखेरीज आणखी एक ऋतू इतिहासात येऊन गेला. तो माणसांनी आणला होता. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी मंडळींना आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम निघाले. आकाश स्वच्छ होते, पण केंद्रे मुकी झाली. ह्या सक्तीच्या शांततेत १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एक आवाज उमटला. ‘चले जाव’ची घोषणा झाली होती, नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारीच्या जाणकारांची मदत घेऊन ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. लहर ४२ मीटरांच्या आसपासची होती. पकडले जाऊ नये म्हणून प्रक्षेपक ह्या घरातून त्या घरात हलवावा लागे. लहानशा यंत्राचा हा गुण तेथे जीवनमरणाचा ठरला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या केंद्राचे आयुष्य तीन महिन्यांहून कमी, आणि त्यातले बरेचसे पावसाळ्याच्या खरखरीत गेले. तरी त्याचा आवाज ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोचला. ऐकणारे कान लावून बसले होते, हेही त्याचे एक कारण होते.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, महू येथील लष्कराच्या सिग्नल्स शाळेत हौशी रेडिओचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला आणि पुढे त्याचे ठाणे दिल्लीस गेले. महू इंदुराहून थोड्याच अंतरावर. आमच्या तारमास्तरांना ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो मला सांगताना ते खुर्चीत जरा ताठ बसत.

वर्षाच्या ऋतुचक्राहून एक मोठे चक्र सूर्याचे आहे. ते एका छंदिष्टानेच शोधून काढले, ही मौजेची गोष्ट होय. जर्मनीतील देसाऊ गावचा औषधविक्रेता हाइन्रिख श्वाबे बुधाच्या अलीकडे एखादा नवा ग्रह सापडतो का, हे पाहण्यासाठी १८२६ पासून रोज सूर्यावरचे डाग मोजत असे. ग्रह सापडलाच नाही. सतरा वर्षांनी ध्यानात आले की, डागांची संख्या ठरावीक काळाने चढते आणि उतरते. हा काळ सरासरीने अकरा वर्षांचा. डाग पुष्कळ असतात तेव्हा वरचे थर बळकट होतात, आणि दहा ते पंधरा मीटरांच्या लहरींवर भर दिवसा पाच वॅटांत पृथ्वीप्रदक्षिणा होते. डाग मावळले की त्या लहरी ओस पडतात. १९५७-५८ साली डागांनी नोंदलेल्या इतिहासातला उच्चांक गाठला. नेमक्या त्याच काळात, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, स्पुतनिक आकाशात गेला. त्याचा प्रक्षेपक किती शक्तीचा होता? फक्त एक वॅट! जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या घरच्या यंत्रांवर त्याची टिकटिक ऐकली. चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, हौशी मंडळींनी स्वतः बनवलेला ‘ऑस्कर’ हा उपग्रह कक्षेत गेला. त्याची शक्ती वॅटाचा सातवा हिस्सा होती. २००५ साली आपल्या इस्रोनेही ‘हॅमसॅट’ हा साडेबेचाळीस किलोग्रॅमचा उपग्रह हौशी मंडळींसाठी सोडला, आणि तो २०१४ पर्यंत काम करीत होता.

अलीकडे तर गणकयंत्रे ह्या छंदात आली आहेत. दुहेरी ताऱ्यांच्या संशोधनासाठी १९९३ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले आहेत. त्यांनी २००८ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत एक छोटा संदेश जवळजवळ दोन मिनिटे सावकाश पाठवला जातो, आणि माणसाच्या कानाला केवळ खरखर ऐकू येते तेथे गणकयंत्र त्यातून अक्षरे वेचून काढते. वॅटाच्या पाचव्या हिश्शात असे संदेश समुद्रापार जातात. शक्ती कमी झाली ती भर ऐकण्याच्या कौशल्याने काढली, हाच ह्याही प्रकरणाचा इत्यर्थ.

आता कोणी विचारील की, खिशातल्या फोनवरून क्षणात अमेरिकेशी बोलता येत असताना हा खटाटोप कशासाठी? एक उत्तर संकटकाळाचे आहे. १९९३ साली किल्लारी-लातूरचा भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाले मदतीस धावले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह छंदासाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेल्या बेटांना त्यांच्या केंद्राचा आधार झाला. हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. संकटाची वाट पाहत कोणी रोज पहाटे उठत नाही.

माझे उत्तर साधे आहे. शासकीय नोकरीत माणसाला बोलण्याची सवय लागते. आपला आवाज आदेशाच्या शक्तीने पोचतो, आणि समोरच्याचे ऐकलेच पाहिजे असे राहत नाही. पाच वॅटांच्या केंद्रावर हा अधिकार चालत नाही. येथे आधी दहा मिनिटे ऐकावे लागते. कोणती लहर उघडी आहे, कोण बोलत आहे, कोणाचे बोलणे संपत आले आहे, दूरवरच्या वादळाचा गोंगाट केव्हा क्षणभर थांबतो, हे सारे टिपावे लागते. मग नेमक्या फटीत आपली चार अक्षरे सोडावयाची. उत्तर आले नाही तर आवाज चढवण्याची सोय नसते. वेळ बदलावी, लहर बदलावी, नाहीतर ऋतू बदलण्याची वाट पाहावी. गॉडली स्कॉटलंडच्या थंडीत तंबूत बसला तो बोलण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. त्याच्याजवळ प्रक्षेपक नव्हताच.

इंदूर सोडताना मी तारमास्तरांचा निरोप घ्यावयास गेलो. एक मोठा शक्तिवर्धक स्वस्तात मिळत होता. तो घ्यावा की नाही, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “जरूर घ्या. पण आधी एक वर्ष ह्याच डब्यावर काढा. सहाही ऋतू ऐका, आणि मग ठरवा.”

ते वर्ष संपून पुष्कळ दिवस झाले. बदल्या झाल्या, गावे बदलली, गच्च्या बदलल्या. तारमास्तर आज हयात नाहीत. शक्तिवर्धक घेण्याचे मात्र राहूनच गेले आहे. परवा कोजागरीच्या पहाटे, चंद्र मावळतीला असताना, एक क्षीण संकेत ऐकू आला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून कोणी हाक देत होता. मी त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबलो, आणि मग किल्लीवर बोट ठेवले.